लाल अक्षरांची बटणं

आई गेल्यापासून बाबा बोलायचेच थांबले. रुसवा नाही, तक्रार नाही. विचारलं तर हो किंवा नाही, एरवी गॅलरीतली खुर्ची आणि समोरच्या इमारतीची भिंत. जेवणाचं ताट अर्धं परत यायचं. गप्प माणसाशी कसं वागायचं ते मला कळत नाही, मी चिडतो. चिडून झालं की घरातलं काहीतरी दुरुस्त करायला घेतो. गेल्या वर्षी मी त्यांची गाडी दुरुस्तीला घेतली.

आमच्या पंचवटीतल्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. मलईच्या रंगाची, गोल दिव्यांची, माझ्याहून वयाने थोडी मोठी. आई-बाबा त्र्यंबकेश्वरला जायचे ते तिच्यातूनच, सायखेड्याला मावशीकडे जायचे तेही तिच्यातूनच. आई गेल्यावर बाबांनी किल्ली कपाटात टाकली, आणि गाडीच्या टपावर मांजरी झोपू लागल्या. मी मनाशी ठरवलं की दसऱ्यापर्यंत गाडी चालती करायची. पूजेला बाबा खाली उतरतील, स्टिअरिंगवर बसतील, निदान गोदाकाठापर्यंत एक चक्कर मारतील. माणूस त्या खुर्चीतून उठावा, एवढंच मला हवं होतं.

त्यांना सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "डॅशबोर्ड बदलू नकोस."

"बदलत नाही हो. उलट अगदी ओरिजिनल करतोय."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि परत भिंतीकडे तोंड फिरवलं. आख्खं वाक्य बोलले, याच आनंदात मी होतो.

इंजिन, पत्रा, रंग ही कामं माणसं लावून उरकली. घोडं अडलं ते डॅशबोर्डवर. त्यावर ओढायची चार बटणं असतात: दिवे, वायपर, चोक आणि स्टार्टर. हस्तिदंती रंगाची, प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर कोरलेलं. आमच्या गाडीतलं स्टार्टरचं बटण कुठेतरी हरवलं होतं. उरलेल्या तिन्हींवरची अक्षरं लाल होती. मला लहानपणापासून ती लालच आठवत होती, म्हणून मी हट्टाने लाल अक्षराचं बटण शोधत सुटलो.

या शोधात मी बराच शहाणा झालो. खरं बटण जुन्या दातासारखं आतून पिवळं पडलेलं असतं, नक्कल नुसती वरून पिवळी. खऱ्याचं अक्षर नखाला लागतं, नकलेचं नुसतं छापलेलं. खऱ्याच्या मानेत पितळेची नळी असते. एकाने मला लाल अक्षराचं बटण आणून दाखवलं, त्याला नेलपॉलिशचा वास येत होता. मी त्याच्यावर असा काही उखडलो की शेजारचं दुकानही गप्प झालं.

सटाण्याला कांद्याचे एक व्यापारी आहेत, जुन्या गाड्यांचा भारी नाद. त्यांना फोटो पाठवले तर त्यांचा लगेच फोन आला.

"भाऊ, लाल अक्षर कंपनीचं नाय. काळंच राहतं. लय गाड्या पाह्यल्या मी. कोणीतरी हौसेनं रंगवलं असंल."

मी त्यांच्याशी वाद घातला. पण पुढे भद्रकालीतल्या एका जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात, वरच्या फळीवर, मेणकागदात गुंडाळलेलं स्टार्टरचं बटण निघालं. कधी न वापरलेलं, नखाला लागणारं आणि अक्षर काळंभोर. वाद संपला. आमची तिन्ही चूक होती, हे एकटं बरोबर होतं.

घरी येऊन बशीत कोमट साबणपाणी घेतलं, तिन्ही बटणं भिजवली आणि जुन्या टूथब्रशने घासली. लाल रंग भराभर सुटला. कंपनीचा रंग इतक्या सहज सुटत नाही, म्हणजे तो वरचाच, असं म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. बशी मोरीत रिकामी केली. खाचांमध्ये काळा रंग काठोकाठ भरला, वर गुळगुळीत, पारदर्शक लॅकरचा हात दिला. चारही बटणं एका घरातली दिसायला लागली.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, बायकोने बॉनेटवर स्वस्तिक काढलं. आणि बाबा खरंच उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट-पँट घालून, केस विंचरून. दार उघडून ते स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी बसलो. त्यांचा हात सवयीने बटणांकडे गेला. एकेका अक्षरावरून बोट फिरलं.

"लाल कुठे गेलं?"

मी उत्साहाने पुराण लावलं. सटाण्याचे व्यापारी, मेणकागद, पितळेची नळी. त्यांनी मला मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले,

"बॉनेटची पूजा झाली की तुम्ही पोरं सोनं वाटायला पळायचात. मग ती इथे येऊन बसायची, तू बसलायस तिथे. करंगळीशेजारच्या बोटाने चारही बटणांत कुंकू भरायची. दाबून दाबून. म्हणायची, अंधारात, पावसात, थंडीत, कुठे यांची गाडी अडायला नको. दर दसऱ्याला. मग वर्षभर मला फडकं लावू द्यायची नाही."

आई गेल्यापासून इतकं ते एका वेळी बोलले नव्हते. जन्मभर दर सणाला कुंकू पाहिलेला मी, आणि त्या बशीतला रंग मला ओळखू आला नव्हता.

बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला. बायकोने ताट पुढे केलं. त्यांनी बोटावर कुंकू घेतलं आणि दिव्याच्या बटणावर दाबलं. खाच उरलीच नव्हती. लॅकरवरून कुंकू घसरलं आणि त्यांच्या पांढऱ्या पँटवर सांडलं. त्यांनी पुन्हा घेतलं, जरा जास्त, वायपरच्या बटणावर अंगठ्याने दाबून धरलं. तेही सांडलं.

"बसत नाही रे," ते म्हणाले. मला रागावले असते तर फार बरं झालं असतं.

मी कसंबसं म्हटलं, "बाबा, गोदाकाठापर्यंत जाऊन येऊ ना?"

"तू ये जाऊन."

ते उतरले, कठडा धरून जिना चढून गेले. वर गॅलरीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी स्टार्टर ओढला. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली, आणि मी ती तशीच बंद केली. त्यांच्या सीटवर थोडं कुंकू पडलं होतं. ते बोटाने गोळा करायला गेलो, तर कापडात आणखीच पसरलं.