व्हर्सायचा तह, मुक्काम पोस्ट प्लेनो

कुठलाही ग्रुप चार-पाच वर्षं टिकला की त्याच्याकडे किस्से साठतातच. साठत असताना ते कळत नाही. मग कधीतरी कुणी नवीन माणूस जेवायला येतो, आपण म्हणतो, "अरे, तो इटलीचा किस्सा सांग ना याला," आणि लक्षात येतं, बाप रे, आपल्याकडे पोतंभर माल झालाय! एकजण सांगायला घेतो, दुसरा "तसं नव्हतं रे" म्हणून मध्ये घुसतो आणि पानातलं जेवण गार होतं.

आमचे किस्से सगळे एकाच उन्हाळ्यातले आहेत आणि सगळे पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाचे आहेत. हो, तहाचे! परवा मिलिंद म्हणाला, "मंजिरी, तू लिहून ठेव बाई. नाहीतर शेखर स्वतःच्या सोयीने सांगत सुटेल." शेखर पुण्याचा आहे, त्यामुळे भीती अगदीच खोटी नव्हती.

*

दोन हजार चार साली माझे सासरे, म्हणजे नाना, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, अमेरिकेत टेक्सासमधल्या प्लेनोला आले. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले. प्लेनोत गाडी न चालवणारा माणूस म्हणजे स्थानबद्धच! पहिल्या तीन आठवड्यांत त्यांनी घरातली बिघडलेली प्रत्येक वस्तू दुरुस्त केली. मग न बिघडलेल्याही दुरुस्त करायला घेतल्या. मी आणि माझा नवरा गिरीश हवालदिल झालो.

एका शनिवारी शेखर आणि मिलिंद जेवायला आले होते. हे दोघे आमचे ऑफिसमधले मित्र. मिलिंदने सहज विचारलं, "नाना, महायुद्ध जिंकल्यावर सगळे पॅरिसला बसले, सहा महिने चर्चा केली, तरी तह एवढा वाईट कसा झाला हो?"

नानांचा चेहरा असा काही फुलला!

"काय सांगू तुला! चौतीस वर्षं मी तो तह 'कारणे द्या, गुण पाच' असा उरकला. 'जेत्यांमध्ये एकमत नव्हते', एवढं लिहिलं की चार गुण डोळे मिटून द्यायचो. पोरंही खूष, मीही खूष. पण आपण बसलो असतो तर आपल्याला जमलं असतं का, हे मला एकदा बघायचंय. जर्मनीनेसुद्धा मनापासून सही करावी, असा तह! माझं तिकीट ऑक्टोबरचं आहे. तोवर करून दाखवा."

स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या पडल्या. मिलिंदला अमेरिका आली, शेखरला फ्रान्स, गिरीशला इटली. मला इंग्लंड, म्हणजे जगभरच्या वसाहती सांभाळून वर साळसूद दिसायचं काम. जर्मनी कुणालाच नको होती, म्हणून ती पाळीपाळीने घ्यायची ठरली. ज्याची पाळी त्याची खुर्ची त्या दिवशी नाना सांभाळणार.

जर्मनीला नियम एकच होता. तिने नानांच्या खोलीत दार लावून बसायचं आणि जेत्यांनी बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही. खऱ्या जर्मनांनाही चर्चेला बोलावलं नव्हतंच. अटी तयार झाल्यावर नुसत्या हातात ठेवल्या होत्या.

*

मिलिंद नागपूरचा, कामाला वाघ आणि हौशी. अमेरिकेच्या अध्यक्षांनी शांततेसाठी चौदा मुद्दे मांडले होते, हे नानांकडून कळल्यावर हा पुढच्या शनिवारी लॅपटॉप घेऊन हजर! चौदा मुद्दे, चौदा स्लाइड्स. प्रत्येक स्लाइडवर उडणारं कबूतर.

"पहिला मुद्दा. कुठलाही गुप्त करार नको. सगळं ओपन!"

"एक मिनिट," शेखर म्हणाला. "हे ओपन म्हणजे, जर्मनीने खोलीतून ऐकलं तर चालेल?"

मिलिंद विचारात पडला. मग उठला, खोलीचं दार नीट बंद आहे का ते बघून आला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हं. तर, सगळं ओपन!"

नाना हसता हसता खुर्चीतून घसरायचे बाकी होते.

*

सीमा ठरवायला नानांनी पोस्टरचे आठ कागद चिकटवून युरोपचा नकाशा काढला. तो टेबलावर मावेना, म्हणून कार्पेटवर पसरला. खरे नेतेही असेच नकाशावर रांगले होते म्हणे. आम्हीही रांगलो. माझा गुडघा हंगेरीवर, मिलिंदचा कोपर रशियात, आणि गिरीश ओरडतोय, "अरे पोलंडला समुद्र द्या यार! बिचाऱ्यांनी जायचं कुठून?"

तेवढ्यात शेजारची लिंडा केळ्यांचा केक घेऊन आली. दार उघडंच होतं. चार धडधाकट माणसं कार्पेटवर ओणवी होऊन आरडाओरडा करताहेत, हे बघून ती दारातच थिजली.

"इज एव्हरीथिंग ओके? डिड यू लूज समथिंग?"

अठराशे एकाहत्तर साली जर्मनीने फ्रान्सकडून दोन प्रांत हिसकावले होते आणि शेखर सकाळपासून त्यांच्यासाठीच भांडत होता. मान वर न करता तो गरजला, "येस! अल्सास अँड लोरेन!"

"ओह नो! आय ॲम सो सॉरी," असं म्हणून लिंडा केक ठेवून घाईघाईने गेली. आम्हाला वाटलं, कंटाळली असेल.

सोमवारी संध्याकाळी ती पुन्हा दारात उभी. सगळी गल्ली पालथी घातली म्हणाली, तीन घरांची बॅकयार्ड्स बघितली. "पण मला सांगा, दोघींचा रंग कोणता? आणि गळ्यात पट्टे होते का?"

*

आता इटलीचा. युद्धात उतरायच्या बदल्यात इटलीला बरंच काही कबूल झालं होतं. वर तिला फ्युमे नावाचं एक बंदरही हवं होतं. मिलिंद म्हणाला, "मिळणार नाही. माझ्या नवव्या स्लाइडमध्ये बसत नाही." गिरीशने आर्जव केलं, आवाज चढवला, आणि शेवटी त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं! एका बंदरासाठी! जे त्याने दोन आठवड्यांपूर्वी नकाशावरही बघितलं नव्हतं!

"इटली वॉकआउट करतेय," असं म्हणून तो ताडताड निघाला आणि धाडकन दार लावून बाहेर गेला.

नाना आनंदाने टाळ्या पिटत होते. "अगदी असंच झालं होतं! त्यांचे पंतप्रधानही रडले होते आणि उठून गेले होते!"

बाहेर एकशे चार डिग्री फॅरनहाइट, म्हणजे आपल्याकडचं चाळीस, तापमान होतं. गाडीची किल्ली आत, चपला आत. ड्राइव्हवेचं काँक्रीट तव्यासारखं तापलेलं. खिडकीतून दिसत होतं, इटली आळीपाळीने एकेका पायावर उभी होती.

सातव्या मिनिटाला दार उघडलं. गिरीश आत आला, माझ्याकडे न बघता सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "हे माझं घर आहे म्हणून आलोय. इटली अजून बाहेरच आहे!"

*

मिलिंद राहायचा शेजारच्या फ्रिस्को गावात. त्याची बायको वैशाली फार्मसिस्ट. शनिवारी तिची ड्यूटी असायची, त्यामुळे आमच्या परिषदेला ती कधीच नसायची. एकदा मिलिंद फारच रंगात आला. "यापुढे युद्धच होऊ नये म्हणून एक राष्ट्रसंघ काढू! सगळ्या देशांनी तिथे यायचं, बोलायचं, जेवायचं. आणि त्याचं परमनंट ऑफिस आमच्या फ्रिस्कोच्या घरी! दर शनिवारी! लंच आमच्याकडे!"

आम्ही एकमताने ठराव पास केला. सहा आठवड्यांतलं पहिलं एकमत! मिलिंदने तिथूनच ऐटीत वैशालीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "माझ्या किचनबद्दल तुम्ही तिकडे बसून ठरवलंत? मला न विचारता? कॅन्सल."

"अगं, पण सगळ्यांच्या सह्या झाल्यात..."

"माझी झाली का?" आणि फोन बंद!

नाना ताडकन उभे राहिले. "सिनेट! पोरांनो, हीच ती सिनेट! राष्ट्रसंघ काढला अमेरिकेच्या अध्यक्षांनी, आणि त्यांच्याच सिनेटने तो नाकारला. शेवटपर्यंत अमेरिका त्यात गेली नाही. वर्गात सांगताना हे मलाच कधी पटायचं नाही. आज पटलं!"

*

शेखरची जर्मनी व्हायची पाळी आली, तेव्हा मात्र हसू जरा आटलं. फ्रान्स म्हणून सर्वांत कडक अटी त्यानेच लिहिल्या होत्या, आणि आता त्याच अटी आम्ही दाराखालून त्याला सरकवल्या. उत्तर फक्त लेखी द्यायचं होतं. पुणेकराला लेखी उत्तर द्यायला सांगितल्यावर काय होणार? दोन तासांनी दाराखालून अकरा पानं बाहेर आली. बारीक अक्षर, मुद्द्यांना पोटमुद्दे!

आम्ही पहिलं पान वाचलं. दुसरं चाळलं. तेवढ्यात चहा झाला. मी ऑफिसच्या सवयीने वर "नोटेड, थँक्स" लिहिलं आणि कागद परत आत ढकलले.

शेखर दार उघडून बाहेर आला तो लालबुंद. "वाचलं पण नाहीत! तीन पानं तर एकमेकांना चिकटलेली आहेत, तशीच परत आलीत! मी मरमर लिहितोय आत!"

"अरे, तूच मागच्या वेळी म्हणालास, जर्मनीचं काय ऐकायचं," गिरीश म्हणाला.

हे त्याला झोंबलं. सही न करता तो निघून गेला आणि आठवडाभर त्याने कुणाचा फोन उचलला नाही. मला फार अपराधी वाटलं. नाना तर रोज विचारायचे, "शेखरचा फोन आला का गं?" शेवटी त्यांनीच ती अकरा पानं सबंध वाचली, समासात लाल पेनाने शेरे दिले, खाली "उत्तम" लिहिलं आणि पाकीट पोस्टाने त्याच्या घरी पाठवलं.

शनिवारी शेखर सर्वांच्या आधी हजर. आल्या आल्या विचारतो, "नाना, सातव्या पानावर अर्धा मार्क का कापला?"

*

ऑक्टोबर आला. नानांचं विमान सोमवारी होतं आणि आमच्या हातात एकच शनिवार उरला होता. तोवर झाडून सगळे तह फिसकटले होते. नाना बोलत नव्हते, पण कॅलेंडरकडे बघताना त्यांचा चेहरा उतरायचा आणि मला ते बघवायचं नाही. तह झाल्याशिवाय त्यांना जाऊ द्यायचं नाही, असं आम्ही चौघांनी फोनवर पक्कं केलं. वैशालीने तर सुट्टी घेतली. "सिनेट जातीने हजर राहणार आहे," म्हणाली.

निरोपाचं जेवणही त्याच दिवशी होतं. मी आणि वैशालीने पहाटेपासून खपून नानांच्या आवडीचं सगळं केलं. अळूवडी, मसालेभात, मठ्ठा, श्रीखंड. अळूच्या पानांसाठी गिरीश दोन इंडियन स्टोअर्स फिरून आला होता.

जर्मनीच्या पाळ्या सगळ्यांच्या होऊन गेल्या होत्या. नाना म्हणाले, "आज मीच." अकरा वाजता ते खोलीत गेले. जाताना दारात वळून बोट नाचवत म्हणाले, "बोलावल्याशिवाय येणार नाही हं! आणि माझ्यासाठी म्हणून सोपं करू नका. भांडा चांगले!"

आम्ही भांडलो! काय भांडलो! पण त्या दिवशी काहीतरी वेगळंच होतं. शेखरने दोन प्रांत घेतले आणि बाकीची मागणी स्वतःहून खोडली. मी जर्मनीची अर्धी जहाजं परत केली. गिरीशने डोळे मिटून बंदर सोडलं. मिलिंदने चौदातल्या आठ स्लाइड्स एका झटक्यात डिलीट केल्या, कबुतरांसकट! राष्ट्रसंघाचं ऑफिस पाळीपाळीने प्रत्येकाच्या घरी असं ठरलं आणि वैशालीने टेबलावर मूठ आपटली, "अप्रूव्ह्ड!"

पावणेदोनला प्रिंट निघाली. चार सह्या झाल्या. शेखर आणि गिरीशने मिठ्या मारल्या, मिलिंद शिट्ट्या वाजवत घरभर नाचला. जमलं होतं! खरोखरच जमलं होतं! भुका कडकडून लागल्या होत्या, पटापट पानं घेतली. जेवताना सगळे एकदम बोलत होते. अळूवड्यांचं ताट पाच मिनिटांत साफ झालं, शेखरने श्रीखंड तिसऱ्यांदा घेतलं. कुणी कसा हट्ट सोडला, हे प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं होतं.

मग गिरीशने कॅमेरा काढला. "सगळे सोफ्यावर बसा. नानांना मध्ये..."

तो थांबला. आम्ही सगळेच थांबलो. घड्याळात साडेतीन वाजले होते.

आम्ही धावत जाऊन दार उघडलं. नाना पलंगाच्या कडेला ताठ बसले होते. चष्मा लावलेला, खिशाला पेन.

"नाना, जमला!" मी कसंबसं म्हणाले आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी खालच्या चार सह्यांवरून हळूच बोट फिरवलं. मग आमच्याकडे बघितलं.

"जेवलात सगळे?"

 मी मान डोलावली.

नानांनी पेनाचं टोपण काढलं.

"नाना, आधी वाचा तरी!" शेखर कळवळून म्हणाला.

"कुठे करायची ते दाखव," नाना म्हणाले. "वाचीन मी, जेवल्यावर."