माधवरावांच्या शेवटच्या तबकड्या

तबकडी कागदी पाकिटातून काढण्याआधी तो डोक्यावरची काळी टोपी काढायचा. छातीशी धरायचा, डोळे मिटायचा, आणि मग तबकडी कडेला धरून इतक्या हळुवार बाहेर ओढायचा की समोरच्याला आपण कुणाच्या तरी तिरडीशी उभे आहोत असं वाटावं.

"पुन्हा नाही भेटत बरं," तो हलकेच म्हणायचा. "हेच शेवटचं."

तुम्ही त्याच्या दुकानातल्या बाकावर थोडा वेळ बसला असता तर तुमच्याही लक्षात आलं असतं, की ती टोपी फक्त गिऱ्हाइकासमोर उतरायची. मुंबईहून खोकं आलं की हाच माणूस टोपी डोक्यावर, बिडी तोंडात ठेवून त्याच तबकड्या अशा चाळायचा, जशी भाजीवाल्यानं वांगी चाळावीत.

मला तो आवडत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको.

खामगावात कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. आधी तो छत्र्या आणि कंदील विकायचा. मग ग्रामोफोन आले, लोक त्यांना फोनो म्हणायचे, आणि छत्र्या मागच्या खोलीत गेल्या. मी पेंटर. दुकानांच्या पाट्या आणि नाटकांचे पडदे रंगवून माझं पोट चालायचं. त्याच्या पाट्याही मीच रंगवत असे, म्हणून आमची गाठ.

गाण्यातलं त्याला काही कळत नसे आणि तो ते लपवतही नसे. "मले राग-बिग समजत नाही, पेंटर," तो म्हणायचा. "मले गर्दी समजते."

आणि गर्दी तेव्हा एकाच माणसामागे होती. साखरखेर्ड्याचे माधवराव. शेतकऱ्याचा मुलगा, भजनात गाता गाता नाटक कंपनीत गेला आणि साऱ्या वऱ्हाडाला वेड लावून बसला. खामगावात त्यांचं नाटक लागलं की जिनिंगच्या गिरणीतले मजूरसुद्धा पाळी बदलून घ्यायचे. पोरं त्यांच्यासारखा भांग पाडायची. मी त्यांचे पडदे रंगवले असल्यामुळे खेळ नेहमी विंगेतून पाहायचो, आणि मधल्या वेळेत ते माझ्याशेजारच्या सामानाच्या पेटीवर येऊन बसायचे. बोलणं अगदी शुद्ध, पुण्याचं वाटावं असं. कंपनीनं घासून घासून ते तसं करून घेतलं होतं.

शेवटच्या वर्षी ते फार खोकायचे. एकदा सांगत होते, "मुंबईला तबकडीसाठी गायला गेलो आणि गाण्याच्या शेवटी खोकल्याची उबळ आली. ती तबकडी फोडून टाका असं सांगून आलो आहे. बाकीच्या बऱ्या झाल्या आहेत."

पुढे ते गेले. क्षयानं. वयही फार नव्हतं. बाजारपेठ त्या दिवशी न सांगता बंद राहिली. फक्त एक दुकान अर्धं उघडं होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा.

"मोठी पाटी पाहिजे. चौकट काळी. मंधात माधवराव. डोळे वर, अन् डोळ्यात जरासं पानी दाखव."

"माधवराव कवा रडत नव्हते, शेठ."

"लोक रडून राह्यले ना? त्यायले सोबत पाहिजे."

मी पाटी रंगवली. पाणी काही दाखवलं नाही. त्यानं दुकानात नेऊन स्वतःच काडीनं दोन पांढरे ठिपके काढले. तेही चुकून गालावर, देवीच्या व्रणांसारखे. गिऱ्हाइकांना मात्र ते अश्रूच वाटले.

माधवराव जिवंत असताना त्यांच्या मोजक्याच तबकड्या निघाल्या होत्या. गाऊन ठेवलेल्या आणखी काही कंपनीकडे पडून होत्या. त्या एकेक करून येऊ लागल्या, आणि हा माणूस कामाला लागला. पहिली आली तिला यानं "शेवटची तबकडी" म्हटलं. ती संपते न संपते तोच दुसरी आली. ती "अखेरची". मग "निरोपाची". मग "अंतिम". शब्द संपले तेव्हा तो मला विचारायला आला.

"अंतिमच्या पुढं काय असते, पेंटर?"

"दुकान बंद करनं."

तो खदखदून हसला. माझा राग त्याच्या अंगाला लागतच नसे, याचा मला आणखी राग यायचा.

त्यानं एक बैलगाडी सजवली. वर फोनो, फोनोच्या पितळी कर्ण्याला झेंडूची माळ, पुढे उदबत्त्या. आजूबाजूच्या गावांचे बाजार तो त्या गाडीवरून करायचा. थेट धाड गावापर्यंत जायचा. धाडच्या बाजारात मी त्याला पाहिलं आहे. मिरच्यांच्या ढिगांमधून गाडी चालली आहे, माधवराव गात आहेत, बायका पदर डोळ्याला लावत आहेत, आणि हा वरून सांगतो आहे, "नमस्कार करा, पन माळेले हात लावू नका." एक म्हातारा शेतकरी कर्ण्याच्या पाया पडला. कर्ण्याला पाय नसतात, म्हणून त्यानं गाडीच्या चाकाला हात लावला. मी मान फिरवली.

तुम्ही म्हणाल, लोक खूश होते ना? होते. तेच तर मला खुपायचं.

मग ती तबकडी आली.

मी रंगाचा डबा आणायला चाललो होतो. दुकानासमोर गर्दी नेहमीचीच. गाणं संपत आलं आणि शेवटच्या तानेत माधवराव खोकले. एकदा नव्हे, बराच वेळ. छाती फाटावी तसे. खोकला थांबला, दम लागल्याचा आवाज आला, आणि मग ते काहीतरी पुटपुटले. ते मला रस्त्यावरून कळलं नाही. एक पोरगी भेदरून बापाला बिलगली.

मी गर्दी सारत आत शिरलो. "हे काऊन वाजवता तुमी? हे फोडून टाका म्हनले होते ते. माह्यासमोर म्हनले होते!"

"मले माहीत हाये," तो शांतपणे म्हणाला. "कंपनीनं ठेवून देल्ती. मी तीनदा लिहून मागोली. कोनाजोळ नाही अशी. मानूस जातानाचा."

"मेलेल्या मानसाले विकून राह्यले तुमी."

तेव्हा मात्र तो चिडला. पहिल्यांदाच. "अन् तू? तू फुकट पाह्यला त्याले, पडद्याच्या मांगून. मी दरवेळेस तिकीट काढून गेलो बे! पह्यल्या रांगेत बसलो. तू मले शिकवतं?"

मी नाटक कंपनीतल्या चार जुन्या माणसांना गाठलं. आखाड्यातली तरुण पोरं तर तयारच होती. ठरलं, की येत्या बाजाराच्या दिवशी भर गर्दीत दुकानात शिरायचं आणि ती तबकडी जितकी असेल तितकी रस्त्यावर आणून फोडायची. पोलीस आले तर आले. मी स्वतः हातोडी घेतली होती. माझ्या आयुष्यात मी पडदे रंगवले, मोडलं कधी काही नाही. पण त्या दिवशी हात शिवशिवत होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुकानासमोर बैल सोडलेली एक दमणी उभी होती. आत बाकावर माधवरावांची बायको बसली होती.

मी तिला एकदाच पाहिलं होतं, माधवरावांच्या तेराव्याला गेलो तेव्हा. साध्या काठाचं लुगडं, कपाळ मोकळं, शेजारी दीर उभा. साखरखेर्ड्याच्या बाजारात कुणीतरी बोललं होतं की खामगावात तुमच्या धन्याचा खोकला विकतात. ती ऐकून निघाली होती. आमच्या सगळ्यांच्या मनात एकच आलं : आता हिच्या तोंडून ऐकेल हा.

"लावा," ती म्हणाली.

दुकानदारानं चावी फिरवली. त्या दिवशी टोपी काढायची त्याला आठवण राहिली नाही. गाणं सुरू झालं. ती ऐकत होती, पण जसं परक्याचं ऐकावं तशी. नजर रस्त्यावर. मग खोकला आला आणि ती एकदम पुढे झुकली. खोकला संपला, दम लागला, आणि या वेळी दुकानात असल्यामुळे मला शेवटचे शब्द स्पष्ट ऐकू आले.

"थांबा हो... मले पानी द्या बरं जरासं."

सुई खरखरत राहिली.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. "गानं नोका लावू. तेवढंच लावा."

त्यानं सुई उचलून शेवटाकडे ठेवली. पुन्हा खोकला, पुन्हा पाणी. असं किती वेळा झालं कोण जाणे. रस्त्यावरची माणसं पांगली नाहीत. मला राहवलं नाही. मी हातोडी मागे लपवून म्हणालो, "वहिनी, त्यायची इच्छा नव्हती. आमी हे फोडाले आलो हाओत. तुमी सांगा फक्त."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी कितीतरी दिवस कागदावर काढू पाहिला, जमला नाही.

"काऊन फोडता, भाऊ? गानं साऱ्यायचं होतं. तुमी ऐका. हा खोकला माह्या घरचा हाये. रातभर उशाशी बसून ऐकला म्या." मग जरा थांबून म्हणाली, "अन् नाटकात गेल्यापासून ते असे बोललेच नाईत. घरी आले तरी 'पाणी दे' म्हनत. आमचं 'पानी' इसरूनच गेल्ते."

मी बाहेर आलो. पोरं विचारत होती, फोडायची की नाही. मी सरळ घरी गेलो.

त्यानं तिला त्या तबकड्यांपैकी एक दिली. वर दुकानातला एक फोनोही दमणीत ठेवून दिला. नवा नव्हता, पण चालता होता. हे मला दिरानं नंतर सांगितलं. ऐकून मी विरघळलो असतो, खरंच. पण दुसऱ्या सकाळी तो पुन्हा माझ्या दारात.

"पाटी पाहिजे. 'प्रत्यक्ष पत्नीने अश्रू ढाळीत ऐकलेली तबकडी.' अश्रू लाल रंगात टाक."

"त्या रडल्या नाहीत."

"मंग रडल्या असत्या. घरी गेल्यावर रडल्या असतीन. तुले काय करनं?"

मी रंगाचा ब्रश त्याच्या अंगावर फेकला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर निळा पट्टा उमटला. तो खाली पाहून म्हणाला, "धुतला त जाईन ना?" आणि निघून गेला. पाटी त्यानं दुसऱ्याकडून रंगवून घेतली. त्या बिचाऱ्यानं 'अश्रू'चं 'अश्व' केलं. घोडे ढाळीत ऐकलेली ती तबकडी बरेच दिवस दुकानावर लटकत होती आणि कुणीही काही म्हटलं नाही. मी मात्र रोज मुद्दाम त्या रस्त्यानं जाऊन ती वाचायचो. त्याच्याशी मी पुन्हा बोललो नाही.

मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली. तबकड्या लाखेच्या, आणि लाख मिळेनाशी झाली. कंपन्या जुन्या तबकड्या परत मागू लागल्या, वितळवून नव्या करायला. लोक घरातली गाणी टोपल्यांतून आणून त्याच्या दुकानात ओतू लागले. माधवरावांच्या तो परत घेत नसे, असं ऐकलं. चांगुलपणा म्हणून की पुढे भाव येईल म्हणून, मला माहीत नाही. मी आपला भावाचंच धरून चाललो. मग दुकानाला कुलूप लागलं. तो अकोल्याला गेला म्हणे. आणि एका उन्हाळ्यात, तिथल्या इस्पितळात तो वारला हेही असंच कुणीतरी बोलता बोलता सांगितलं. मी "बरं" म्हणालो आणि हातातलं अक्षर पुरं केलं.

त्यानंतर देवळाचा सभामंडप रंगवायचं काम निघालं म्हणून साखरखेर्ड्याला गेलो. माधवरावांचं घर जवळच होतं. वहिनी आता थकल्या होत्या. ओट्यावर फोनो होता, झाकण उघडं, चावी बाजूला काढून ठेवलेली.

"बरं झालं आले, भाऊ. इस्प्रिंग तुटली याची. त्यायले निरोप द्यान?"

"कोनाले?"

"शेठले. त्यायनंच दोनदा बसवून देली. दिवाळीच्या मांगून येत मोटारीनं. इथंच बसत ओट्यावर, मशीन पुसत, एकडाव ऐकत, अन् जात. जेवाले थांबा म्हनलं त थांबत नव्हते. औंदा आलेच नाईत."

मी सांगितलं तिला. अकोल्याचं, इस्पितळाचं.

तिनं चावी हातात घेतली. "कायनं गेले?"

"माहीत नाही, वहिनी."

"घरी कोन हाये त्यायच्या?"

इतकी वर्षं त्याच्या पाट्या रंगवल्या, त्याला शिव्या दिल्या. तो दुकान बंद करून कुठे जातो, कुणाकडे जातो, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

तिनं फोनोचं झाकण लावलं. उठता उठता सहज विचारावं तसं विचारलं, "शेठचा आवाज भरून ठेवला का कोनी?"

"त्यायचा कोन भरन, वहिनी?"

तिनं मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेली. मी ओट्यावर एकटा बसलो. घोगरा, नाकातला, बिडीनं खरवडलेला, दर वाक्याच्या शेवटी गिऱ्हाइकाकडे लाडीगोडीनं वळणारा तो आवाज मला लख्ख ऐकू येऊ लागला. मला तो नको होता. मी पिशवीतून ब्रश काढून पुसत बसलो, समोरच्या गाईकडे पाहिलं, मंडपाला कुठला रंग द्यायचा याचा विचार केला. आतून चहाची कपबशी वाजत बाहेर आली तरी तो बोलतच होता.