एकटीचा गट

माझ्या भाचीला एकटीनं मटार सोलता येत नाहीत. हात धड आहेत, पण समोर कुणीतरी बसलेलं लागतं. त्या माणसानं शेंगेला हात नाही लावला तरी चालेल, हुंकार मात्र द्यायला हवा. मी दाराला आतून कडी लावून वाचत बसणारी बाई. इथल्या शाळेत नोकरी लागली म्हणून ती माझ्याकडे राहायला आली आणि माझं वाचन संपलं.

ती विज्ञान शिकवते. ती रुजू झाली त्याच वर्षी शाळेत गटकार्य आलं, म्हणजे बाईसाहेबांचं फावलंच. प्रवासातून कुणी सर्दी घेऊन यावं तसं हेडसरांनी ते कुठल्याशा शिबिरातून आणलं होतं. बाकं गेली, गोल टेबलं आली. टेबलाला चार मुलं आणि पुठ्ठ्याचे चार बिल्ले: प्रमुख, लेखक, वेळपाल, शांतिदूत. गटाबाहेर कुणी दिसता कामा नये. एकाच्या पोटात दुखलं तर अख्खं टेबल त्याला घेऊन बाहेर जाई.

काम कोण करत होतं, ते सांगायला नको. एक राबायचा, दोघं कात्रीवरून भांडायची, चौथा मुखपृष्ठ रंगवायचा आणि गुण चौघांना सारखे. मी जन्म कचेरीत काढला, मला यात नवीन काय?

वर्गात एक मुलगी होती. माझ्याजवळ बोलताना भाची तिला घुमी म्हणायची. एकटी सोडली तर काम चोख, पण टेबलाला बसवली की हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत राहायची. भाचीनं टेबलं बदलली, गोड बोलून पाहिलं, रागावली. शेवटी पोर शाळेत यायचीच थांबली.

"मावशी, एकटं बसायला कुणाला आवडतं का गं?"

"मला."

"तुझं सोड."

"का सोड? मी माणसांत नाही का मोडत?"

 दुसऱ्या दिवशी ती घुमीच्या घरी गेली आणि खिडकीजवळचं छोटं टेबल एकटीला देण्याचा शब्द देऊन आली.

लगेच तपासणी जाहीर झाली. भाची अजून कायम झाली नव्हती आणि तपासणीला येणाऱ्या समितीच्या शेऱ्यावरच ते ठरायचं होतं. हेडसरांनी बोलावून बजावलं, "एक जरी मूल एकटं दिसलं, तर कायम होणं विसरा, बाई."

"त्या दिवशी तिला सुट्टी दे," मी म्हटलं.

"शब्द दिलाय गं."

"मग बस बोंबलत."

पुढचं तिनं घरी येऊन नकला करत सांगितलं. मुलं बाटलीत वाळू, खडी, कापूस भरून गढूळ पाणी गाळत होती. जिन्यावर समितीची पावलं वाजली आणि हिचा धीर सुटला. हिनं उरलेले चारही बिल्ले उचलून घुमीच्या फ्रॉकला टोचले. "विचारलं तर सांग, हा गट आहे."

समितीही चौघांची. अध्यक्ष बोलत होते, दुसरे मान डोलवत होते, तिसरे घड्याळ बघत होते आणि चौथ्या बाई मुकाट लिहीत होत्या. खिडकीजवळ अध्यक्ष थबकले. "या गटातले बाकीचे कुठे आहेत?"

"स्वच्छतागृहात," हेडसर घाईनं म्हणाले.

"सगळेच?"

"गटानं जातात, सर."

तोवर लिहिणाऱ्या बाई खुर्ची ओढून घुमीशेजारी बसल्या होत्या.

"कामाची वाटणी कुणी केली?"

"मी."

"कुणाला दिलं काम?"

"मलाच."

"आणि मतभेद झाले तर?"

घुमीनं जरा विचार केला. "झाले ना. मला आधी वाळू घालायची होती आणि मलाच आधी कापूस. मग मी समजूत काढली." तिनं शांतिदूताच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. तिच्या बाटलीतून नितळ पाणी ठिबकत होतं. शेजारच्या टेबलावर वेळपालाच्या डोक्यात चिखल होता.

अहवाल अर्थात चौथ्या बाईंनी एकटीनं लिहिला आणि चौघांनी सह्या ठोकल्या. 'एकसदस्यीय गट' या अभिनव प्रयोगाची त्यात तोंडभर स्तुती होती. भाची कायम झाली. घुमीचं टेबलही कायम झालं.

मी सुस्कारा सोडते न सोडते तोच हेडसरांचा फतवा निघाला: यापुढे संपूर्ण शाळा एकसदस्यीय गटात बसेल. प्रत्येक मुलाला चार बिल्ले. कात्रीवरून भांडणारी ती जोडी आता वर्गाच्या दोन टोकांना बसून डोळे पुसते. योजना लिहायचं काम भाचीकडे आणि तेही एकटीनं.

संध्याकाळी ती कागद घेऊन माझ्या दारात उभी. "मावशी, नुसती समोर बस ना."

"काय लिहिणार आहेस?"

"ज्याला जसं जमतं तसं बसू द्या."

"एवढंच? मग मी कशाला?"

"हेडसरांच्या तोंडावर वाचायचंय गं उद्या."

चारही बिल्ले लावून बस, असं ओठावर आलं होतं. पण घाबरलेलं माणूस होतं समोर. पुस्तक न मिटता मी तिच्यासमोर बसले आणि ती लिहीत होती तोवर अधूनमधून हुंकार देत राहिले.