हेलमंदच्या दोन काठांची माणसं

निजामाच्या राज्यात शाळेत मला फारसी शिकावी लागली. तिचा खरा उपयोग झाला तो जालना स्टेशनसमोरच्या इराण्याच्या चहाच्या दुकानात. मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. इराण्याला वाचता येत नसे, म्हणून रोज सकाळी मी उर्दू वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो.

दर हिवाळ्यात एक अफगाण हिंगवाला यायचा. बाहेर ओट्यावर बसायचा, आत पाऊल टाकायचा नाही. दोघांची गावं हेलमंद नदीवर, सरहद्दीच्या दोन बाजूंना. वरती अफगाणांनी पाणी अडवलं की खाली इराण्याची शेतं वाळायची. त्यावरून माणसं मेली होती. इराण्यानं गाव सोडलं ते त्याच पायी.

एका पावसाळ्यात बातमी आली. तुर्कस्तान, इराण, इराक आणि अफगाणिस्ताननं एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार केला होता. इराण्यानं तो अंक जपून ठेवला आणि हिंगवाला आला तसा मला पुन्हा वाचायला लावला.

"पाण्याचं काय लिव्हलंय?" हिंगवाल्यानं ओट्यावरूनच विचारलं.

"पाण्याचं काही न्हाई," मी म्हणालो.

दोघंही एकदम हसले. मग इराण्यानं स्वतः चहा बाहेर नेला. म्हणाला, "गावी माझ्या बहिणीला खत नेशील? आता तर दोस्ती झाली."

पत्र मीच लिहिलं, फारसीत. माझी फारसी पुस्तकी. इराणी वैतागला, "मास्तर, बहीण हाय ती, बादशहा न्हाई. सीधं लिव्हा."

पुढच्या हिवाळ्यात हिंगवाला सरळ आत आला. सरहद्दीच्या चौकीवरच्या शिपायांनी कराराचं नावही ऐकलं नव्हतं. दोन दिवस बसवून ठेवलं होतं त्याला. तरी तो नदी उतरून गेला आणि जवाब घेऊन आला.

जवाब भाच्याचा होता. पहिलीच ओळ वाचून मी थबकलो.

"थांबले कामून? वाचा," इराणी म्हणाला.

बहीण वारली होती. पत्र पोचलं, त्याच्या आधीच.

हिंगवाला सारं जाणून होता. इतक्या लांबून ते मनात घेऊन आला होता, पण स्वतःच्या तोंडानं सांगायची त्याची हिंमत झाली नव्हती. इराण्यानं दुकानाची फळी लावली. आतल्या खोलीत दोघांनी शेजारी उभं राहून नमाज पढली. सुन्नी हिंगवाल्याचे हात पोटाशी बांधलेले, शिया इराण्याचे मोकळे सोडलेले. मी दाराशी बसून राहिलो. त्या दिवशी शाळेत गेलो नाही.