भाऊजींचा फॉर्मॅट आणि आबांची चाळीस पानं

आमच्या घरी कॉम्प्युटर आला, त्याच्याबरोबर भाऊजीही आले. माझे धाकटे दीर राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचे, त्यामुळे यंत्र बिघडलं की त्यांनाच बोलवायचं, हे न बोलता ठरलेलं. त्यांना इलाज एकच येत होता, फॉर्मॅट. मशीन हळू झालं, फॉर्मॅट. व्हायरस आला, फॉर्मॅट. एकदा प्रिंटरची वायर नुसती निसटली होती, तेव्हाही फॉर्मॅटच.

माझे वडील, आबा, राधानगरीकडच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त होऊन आमच्याकडं राहायला आले होते. छप्पन्न साली आमच्या वस्तीनं धम्मदीक्षा कशी घेतली, ते आधी वहीत लिहून मग एका बोटानं टाईप करत होते. चाळीस पानं झाली होती. एका रविवारी मी भाजी घेऊन आले तर भाऊजी चहा पीत बसलेले.

"वहिनी, व्हायरस हुता. सगळं साफ केलं बघा."

"आबांचं लिखाण?"

"ते त्यातच हुतं व्हय? मग गेलं की. परत टाईप करतील. रिकामेच हायत न्हवं."

आबा चष्मा पुसत राहिले. एवढा मोठा अडाणी माणूस दुसऱ्यांना सर्टिफिकिटं वाटतो, याची मला शिसारी आली.

पुढच्याच आठवड्यात एका मासिकाबरोबर लिनक्स नावाच्या वेगळ्या सिस्टीमची सीडी फुकट मिळाली. त्यावर हे व्हायरस चालत नाहीत, एवढं वाचलं आणि अख्खी दुपार घालवून मीच ते बसवलं. कॉम्प्युटरचा आवाज गेला, इंटरनेटचा मोडेम चालेना. सायबर कॅफेत जाऊन लिनक्सवाल्यांच्या एका ग्रुपवर विचारलं, तर उत्तर आलं, आधी मॅन्युअल वाचा. सॉफ्टवेअर फुकट वाटून जगाला मोकळं करायला निघालेली ही मंडळी! एका बाईला मोडेम जोडायला मदत करणं मात्र त्यांच्या शानीत बसत नव्हतं.

भाऊजी आले, माऊस गोल गोल फिरवत राहिले. नेहमीचं बटण जागेवर नाही म्हटल्यावर त्यांची विद्या संपली.

"ह्यो काय खुळेपणा? पासवर्ड द्या, काढून टाकतो."

"देत न्हाई."

"आं?"

"देत न्हाई म्हटलं. चहा घ्या आणि जावा."

आबांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. स्क्रीनवर जोडाक्षरं तुटायची, 'धम्म'मधला एक म पाय मोडून पडायचा. "असू दे, कळतंय की," म्हणायचे. प्रेसवाल्याकडं फाईल उघडली तर नुसते चौकोन. त्यानं आबांच्या वहीवरून सगळं आपल्या हातानं टाईप केलं आणि तपासायला न देताच पुस्तिका छापली. पान नऊवर 'आम्ही दीक्षा घेतली' च्या जागी 'आम्ही भिक्षा घेतली'.

मी प्रेसवर जाऊन भांडले. तो म्हणाला, "एका अक्षरानं काय हुतंय, बाई?"

आबांनी लाल पेन घेतलं आणि प्रत्येक प्रत उघडून तो एकच शब्द दुरुस्त केला. चार दिवस लागले.

विहारात प्रती वाटताना भाऊजी पाहुण्यांना सांगत होते, "आमच्याच कॉम्प्युटरवर झालंय. मीच सगळं बसवून दिलतं." आबांच्या लाल पेनातून मुद्दाम वगळून ठेवलेली एक प्रत मी त्यांना दिली. ते पान नऊपर्यंत पोचले असतील, असं मला वाटत नाही.