दाजींची पोर्तुगीज

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांनी जन्मात कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात पास केलेली नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते तपासनीस होते. तयार माल हातात घ्यायचा, डोळे बारीक करायचे आणि ‘परत’ म्हणायचं, याचा त्यांना पगार मिळे. घरी हेच काम ते फुकट करत. पोळी परत, इस्त्रीचे कपडे परत, पिशवीत पडलेली भेंडी एकेक मोडून बघून परत. पोरीला बघायला आलेली दोन स्थळं चहाचा कप खाली ठेवायच्या आत परत गेली. तिसऱ्याला पोरीनेच परस्पर होकार दिला आणि मग बापाला कळवलं.

हा माणूस निवृत्त होऊन दिवसभर घरात बसणार, या विचारानेच ताईने धसका घेतला होता. पण दाजींनी विद्यापीठात जाऊन संध्याकाळच्या पोर्तुगीजच्या वर्गात नाव घातलं. पोर्तुगीजच का, असं मी विचारलं. “जर्मन, फ्रेंच सगळेच शिकतात. गर्दीत मी जात नाही,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून दूधवाल्याला सकाळी ‘बोम दिया’, म्हणजे ‘शुभ सकाळ’, सुरू झालं. आपल्या दुधात काय खोट निघाली, हे तो बिचारा ताईला हळूच विचारून गेला. मग आला फादो. ही तिकडची गाणी. त्यातली बाई असा काही टाहो फोडते, की खालच्या मजल्यावरचे लोक चपला घालून ‘कोण गेलं?’ म्हणत वर आले. “कोणी नाही. संगीत आहे हे,” दाजींनी दार अर्धंच उघडून सांगितलं. “आपण आता जाऊ शकता.” एका रविवारी त्यांनी ताईकडून हिरव्या पानांचं आणि बटाट्याचं पोर्तुगीज सूपसुद्धा करून घेतलं. “अहो, हे आपलं अळूचं फतफदंच आहे की! फक्त चिंच-गूळ विसरलेत,” ताई म्हणाली. दाजी मात्र वाटी चाटूनपुसून उठले. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

वर्षअखेर वर्गाच्या बाईंनी दाजींना तोंडी परीक्षेत नापास केलं. बाई गोव्याच्या, वयाने दाजींच्या मुलीएवढ्या. बातमी ऐकून आमच्या घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते! आता स्वारी पोर्तुगीजच्या नावाने खडे फोडणार, अशी आमची खात्री होती. पण दाजी निमूटपणे पुन्हा त्याच वर्गात बसायला निघाले. तेव्हा कळलं की पुरेशी नावं आली नाहीत, तर यंदा वर्गच भरणार नाही.

दाजींनी कंबर कसली. रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यांनी उभं राहून वर्गाची माहिती दिली. आमच्याकडे शिकायचं म्हटलं की म्हातारेसुद्धा पुढे येतात. हात भराभर वर झाले. एवढ्यावर थांबले असते तर ते दाजी कसले? चहाच्या वेळी त्यांनी एकेकाला बाजूला घेऊन तपासायला सुरुवात केली. आयटीतल्या एका पोराने विचारलं, “काका, जॉबला स्कोप आहे का याला?” “स्कोप असता तर तुझ्यापर्यंत आलो असतो का?” तो गेला. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना नाकातला उच्चार साधेना. “एवढं नाकातून येत नाही? मग सुनेशी कसं बोलता?” त्याही गेल्या. कॅम्पातले त्यांचे जुने मित्र, अत्तरवाले चाचा, विहारातले नसूनही केवळ दोस्तीखातर तयार झाले होते. “जरा विरंगुळा होईल,” एवढंच ते बोलून गेले. “विरंगुळ्यासाठी कात्रजच्या सर्पोद्यानात साप बघा,” असं म्हणून दाजींनी त्यांनाही वाटेला लावलं. मला तर त्यांनी चेहऱ्यावरूनच नापास केलं होतं. अशा रीतीने मोठ्या कष्टाने त्यांनी वर्ग बुडवत आणला.

नावं घालायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्या धायरीच्या घरी आले. बायकोने चहा दिला. तो त्यांनी मुकाट्याने प्यायला, तेव्हाच मी घाबरलो.

“एक नाव कमी पडतंय,” ते म्हणाले. “तू ये.”

“दाजी, मला जमणार नाही असं तुम्हीच म्हणालात.”

“नाहीच जमणार. तरी ये.”

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, “घरात आता मी काहीही म्हटलं तरी सगळे ‘हो’ म्हणतात. भाजीवालासुद्धा. कटकट नको म्हणून म्हणतात, कळतं मला. ती गोव्याची पोरगी तेवढी तोंडावर ‘चूक’ म्हणते आणि बरोबर येईस्तोवर बसू देत नाही. वर्ग बंद झाला तर मी जाऊ कुठे रे?”

दाजींची मी आयुष्यभर टिंगल केली, पण त्यांची दया येईल असं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नाव घातलं आणि वर्ग भरला. दाजी पहिल्या बाकावर. बाईंनी त्यांना एक वाक्य वाचायला उभं केलं. “चूक. परत,” बाई म्हणाल्या. दाजींनी परत वाचलं. “अजून चूक. घाई कशाला करता?” “हो बाई,” असं म्हणून दाजींनी चष्मा सारखा केला. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आणखी दोनदा चुकल्यावर बाई म्हणाल्या, “आता बरोबर. छान.”

दाजी लगेच बसले नाहीत. मान वळवून त्यांनी मागे माझ्याकडे पाहिलं, मी ऐकलं की नाही ते बघायला.