खालच्या मजल्यावर सांगितला जाणारा सिनेमा

मे महिन्यातला पहिला शनिवार, दुपारचे तीन. हजर: मी, समोरच्या ब्लॉकमधल्या दोघी बहिणी आणि खालच्या मजल्यावरच्या काकी. माझ्या वहीत पुढे लिहिले आहे: सिनेमा सुरू करण्यापूर्वी काकींनी नेहमीचे विचारले, "पण शेवटी भेटतात ना गो दोघं?"

तुमच्याही इमारतीत अशी एखादी असेल. प्रेमकथा हवी, रडारड चालेल, पण शेवट गोड हवा. काकींना पोस्टमास्तर आणि शिक्षिकेचा एक जुना सिनेमा फार आवडायचा. लग्नानंतर काकांबरोबर पाहिलेला. तो आम्ही आमच्या टीव्हीवर तीनदा लावला. मग त्या म्हणाल्या, "आता तसाच दुसरा शोध."

शोधायचे काम माझ्याकडे आले, कारण मी शाळेचे कार्यालय सांभाळते आणि याद्या करते. "तो आवडला असेल तर हे पाहा" असे इंटरनेटवर ढीगभर सापडते. नाव, भाषा, लांबी असे रकाने मी आखले. शेवटाचा रकाना मात्र ठेवला नाही. आधीच शेवट सांगितला तर मजा काय, असे माझे मत. काकींनी विचारले की मी बेधडक "भेटतात हो" म्हणायची.

त्या ओले काजूगर सोलत सिनेमा पाहत. नट कोण याच्याशी देणेघेणे नाही. नायक म्हणजे "आपला तो", आणि त्याच्या आड येणारा "मेला". त्या शनिवारी नायक बोटीवर गेला तो परत आलाच नाही. काकींचे हात थांबले. "बरा होता हो," एवढे म्हणून त्या काजूगर उचलून खाली गेल्या.

काकांची नजर साखरेच्या आजाराने दोन वर्षांपूर्वी गेली. मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस, आता खुर्चीत. काकी दर शनिवारी त्यांना सिनेमा सांगत, हे मला ठाऊक होते. कसा सांगत, ते नव्हते.

दोन दिवसांनी मी काकींचे आमच्याकडे राहिलेले भांडे द्यायला गेले. काका खुशीत होते. "वहिनी, तुमची निवड झकास! बोट लागते काय, ती धावत जाते काय, वा!"

मी म्हणाले, "नाही हो काका, तो परत येतच नाही. बुडतो."

चूक दिसली की दुरुस्त करायची, ही माझी रोजची सवय. काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, ती मी पाहिली, तरी थांबले नाही.

"आणि त्या आधीचा? डॉक्टरीणबाईचा?"

"त्यात ती एकटीच राहते."

"आणि चहाच्या मळ्यातला?"

मी तोही सांगितला. काका मोठ्याने हसले. "म्हणजे गो, तू मला फसवतेस!" काकी हसल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. जिन्यात गाठ पडली तेव्हा मी विचारले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"कशाला येऊ? सांगायला बसले की विचारतात, खरंच भेटली ती दोघं, की तू भेटवलीस?" मग पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, यांना थोडं दिसायला लागेल. खरंच सांगितलं गो. तर हे म्हणतात, हा शेवट कोणाचा, डॉक्टरचा की तुझा?"

त्यानंतर मी अकरा सिनेमे शेवटापर्यंत एकटीने पाहिले. एक सापडला. त्यात दोघे भेटतात, आणि चांगली दहा मिनिटे एकत्र दिसतात. काकांना तो सांगायला हवा. पण मी सांगितला तर त्यांना लगेच पटेल, आणि काकींनी सांगितला तर पटणार नाही. हे मीच करून ठेवले आहे.

"खाली जाणे," असे वहीत लिहिले आहे. त्यापुढे अजून झाल्याची खूण नाही.